पुस्तकाची झेरॉक्स काढणं गुन्हा आहे का? कॉपीराइट आणि ओपन लायसन्स म्हणजे काय?

परीक्षा जवळ आली की झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरू लागतात. यातलं कायदेशीर काय आणि बेकायदा काय?

कोर्टात काय झालं होतं?

२०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानाविरुद्ध दिल्ली हायकोर्टात दावा दाखल केला. अभ्यासक्रमाला नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून हे दुकान 'कोर्स पॅक' विकत होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये हा दावा फेटाळला गेला. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्यासाठी केलेली प्रत कॉपीराइटचा भंग ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही हा अर्थ मान्य केला. किती पानं कॉपी केली यापेक्षा ती शिकवण्यासाठी गरजेची होती का, हे महत्त्वाचं, असं खंडपीठ म्हणालं. हा मुद्दा तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवलं गेलं, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

मग कुठलीही पीडीएफ चालते?

नाही. ही सवलत शिक्षणाच्या कामापुरती आहे. अख्खं पुस्तक स्कॅन करून टेलिग्राम चॅनलवर सगळ्या जगासाठी टाकायला या निकालाने परवानगी दिलेली नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे 'कॉपीराइटची खूण नाही, म्हणजे फुकट'. भारतात कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. सरांनी स्वतः लिहिलेल्या नोट्सवरही तो आपोआप असतो.

कॉपीराइट कधी संपतो?

साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली पुस्तकं २०११ पासून सर्वांसाठी खुली आहेत. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा चित्रं यांचा हक्क वेगळा असू शकतो.

ओपन लायसन्स म्हणजे काय?

इथे लेखक हक्क सोडत नाही, फक्त वापराची परवानगी आधीच देऊन ठेवतो. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स यासाठी सर्वाधिक ओळखीची आहेत. त्यांच्या खुणा अशा वाचायच्या:

- बीवाय: मूळ लेखकाचं नाव द्या
- एनसी: व्यावसायिक वापर नको
- एनडी: बदल करून पुढे देऊ नका
- एसए: बदल करून पुढे दिलंत, तर त्याच अटींवर द्या

मराठी विकिपीडियावरचा मजकूर बीवाय-एसए अटींवर मिळतो. म्हणजे तो प्रोजेक्टमध्ये वापरता येतो, पण श्रेय द्यावंच लागतं.

त्यामुळे पीडीएफ फॉरवर्ड करण्याआधी तिचं पहिलं-दुसरं पान उघडून पाहा. काय चालतं आणि काय नाही, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.