डिचोलीत ऐकू आलेलं विमान

यंदाच्या पावसाळ्यात मी एक विमान बांधलं. प्लास्टिकचं, एअरफिक्सच्या खोक्यातलं, मूळ विमानाच्या १/७२ मापाचं. इंग्लंडला असलेल्या भाच्यानं पाठवलं. कॅनबेरा. सरकारी कारकुनाला, त्यातून आर्ट्‌सवाल्याला, चाळिशी उलटल्यावर हा नाद कसा लागला असं ऑफिसात विचारतात. मी फक्त तारीख सांगतो, १८ डिसेंबर १९६१.

त्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बाँब टाकले. मग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्याबरोबर आणखी ८ विमानं आली. सहा हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र गाठलं. दाबोळीच्या इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. तिथं उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानंही वाचली! संध्याकाळी पोर्तुगिजांनी घाईघाईनं धावपट्टी दुरुस्त केली आणि रात्री ती दोन्ही विमानं अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन कराचीला निसटली. शाळेत आम्हाला मुक्तिदिन कळला तो झेंडावंदन आणि भाषणांतून. ही हकीकत मला फार उशिरा वाचायला मिळाली.

माझे बाबा तेव्हा ११ वर्षांचे, डिचोलीच्या घरात. दाबोळी तिथून लांब. त्यांनी विमान पाहिलंच नाही. दक्षिणेकडून धम् धम् असे दबके आवाज आले, एवढंच. डिचोलीच्या माणसाला असल्या आवाजाचं काय कौतुक? आसपास खाणी. "खाणीर सुरुंग लायला अशें दिसलें," बाबा सांगतात. पण आजोबा अंगणात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत गेले नाहीत. इतक्या सकाळी सुरुंग लावत नाहीत हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांची सत्ता संपली.

बाबांच्या आठवणीतल्या त्या आवाजाला रूप द्यावं, एवढाच माझा हेतू. काम सोपं नव्हतं. या कॅनबेराची रचना चमत्कारिक आहे. वैमानिकाची काचेची घुमटी मधोमध नाही, डावीकडे सरकलेली, आणि नॅव्हिगेटर पुढं नाकात. शेपटी जड, त्यामुळे नाकात वजन घातलं नाही तर विमान मागच्या मागे बसतं. मी मासे पकडायच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे तुकडे भरले. पेडण्याच्या पावसाळी हवेनं शेवटी दगा दिला. वार्निशाचा हात दिला आणि सगळा पंख पांढुरका झाला, बुरशी यावी तसा. खरवडून पुन्हा रंगवला. नंतर चक्रं चिकटवली. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. ती पाण्यात भिजवून सरकवताना हात थरथरतात.

(हे काम चालू असताना वरून मोपाला उतरणारी विमानं जायची. २०२३च्या जानेवारीपासून पेडण्याला हा आवाज सवयीचा झालाय. आता कोणी मान वर करत नाही.)

भारतीय हवाई दलानं शेवटची कॅनबेरा विमानं २००७च्या मे महिन्यात निवृत्त केली. म्हणजे दाबोळीनंतर पंचेचाळीस वर्षं ती उडत होती.

चतुर्थीला डिचोलीला गेलो तेव्हा खोका मांडीवर धरून बसमध्ये बसलो होतो. बाबांना आता नीट ऐकू येत नाही. विमान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, उलटं केलं, पोटावरून बोट फिरवलं.

"बाँब खंय आसले?"

कॅनबेराचे बाँब पोटात असतात, दारांच्या आत. सोपं पडावं म्हणून मी ती दारं बंद करून चिकटवून टाकली होती. तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, विमान परत माझ्या हातात दिलं आणि कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं.

पेडण्याला परतल्यावर मी ब्लेड घेऊन बसलो आहे. दारांची फट सापडतेय का बघतो.