लोखंडी चुलीचा गंज आणि ‘काळे शिसे’

चूल म्हटली की आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना मातीची, शेणाने सारवलेली चूल आठवते. तिला तडा गेला तर चिखलाचा हात फिरवला की भागे; गंजाचे भय तिला नव्हतेच. थंड हवेच्या पाश्चात्त्य देशांत मात्र लाकूड जाळणाऱ्या ओतीव लोखंडाच्या चुली घरोघरी आल्या आणि त्यांच्या अंगावरचे तांबूस डागही मागोमाग आले. त्या डागांशी तेथील गृहिणींनी केलेल्या झगड्याची हकीकत आपल्या भगिनीवर्गास परकी वाटू नये.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४२ साली पेनसिल्व्हेनियात आपली लोखंडी शेगडी सिद्ध केली. तेथील गव्हर्नरांनी देऊ केलेले पेटंट त्यांनी नाकारले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु अशा चुली पुढे पिढ्यान्‌पिढ्या घासल्या कोणी, हे सांगणारी पाने इतिहासात विरळाच. (थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे आपल्याकडेही याबाबतीत फारसे निराळे नाहीत.)

गंजास लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढे पुरते. पेटत्या चुलीला तो सहसा शिवत नाही. उतू गेलेल्या भांड्याचे पाणी, धुराड्यातून झिरपलेला पाऊस आणि थंडी सरल्यावर चुलीला मिळणारी दीर्घ विश्रांती, हेच त्याचे खरे हस्तक. लाकडाच्या राखेतील पोटॅशचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात. म्हणून राख आतच राहिली तर गंजाला आतूनही वाट मिळते. आपण तव्याला तेलाचा हात लावून ठेवतो. पण चुलीच्या तापलेल्या पत्र्यावर तेलाचा धूर होऊन जातो. उष्णतेला टिकणारे काळे काही तरी हवे होते, ते ग्राफाइटमध्ये सापडले.

इंग्लंडच्या कंबरलँड परगण्यात, बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात याची शुद्ध खाण लागली. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत. तोफगोळ्यांच्या साच्यांना त्याचा लेप लागू लागल्यावर त्याचे मोल एवढे वाढले की १७५२ साली खाणीतील चोरीविरुद्ध पार्लमेंटला कायदा करावा लागला. लोक त्यास ‘काळे शिसे’ म्हणत. वस्तुतः त्यात शिसे मुळीच नाही. तो कार्बन होय, हे शेले या रसायनज्ञाने १७७९ मध्ये दाखविले. नाव मात्र सुटले नाही. आपली ‘शिसपेन्सिल’ त्याच गैरसमजाचा वारसा मिरवते!

अमेरिकेत जोसेफ डिक्सन यांनी १८२७ साली सेलम येथे ग्राफाइटचा धंदा आरंभिला. त्यांची कीर्ती पेन्सिलींमुळे झाली, तरी आरंभीच्या मालात चुलीचे पॉलिश होते.

कृती सोपी, कष्ट मात्र भारी. चूल पूर्ण थंड करून राख काढावी; डाग तारेच्या घासणीने मूळ धातू दिसेतो घासून कोरडे पुसावेत; मग ग्राफाइटचा पातळ लेप देऊन तो सुकत आला की ब्रशने चकाकी आणावी. डागावरच काळे फासले तर गंज आतल्या आत वाढत राहतो. पुढे कष्ट वाचविणारी द्रव पॉलिशे निघाली. त्यांतील काहींत झटकन पेट घेणारे बेंझिन असे, आणि ऊन चुलीवर ती लावल्याने स्त्रिया भाजल्या, काही दगावल्याही. एवढी किंमत केवळ चकाकीसाठी मोजली गेली.

कालांतराने काचेचा मुलामा दिलेल्या चुली आल्या आणि रोजचे काळे फासणे सुटले. तथापि भांडे आपटून मुलाम्याचा टवका उडाला की गंज नेमका तेथेच धरतो, आणि घासणी पुन्हा हाती घ्यावी लागते.