मिरवणूक काढतात, फोटोही काढतात

धामणगाव रेल्वेच्या शिवारात तूर काढतात आणि कापूस वेचतात. काढणी आणि वेचणी यांत इथे कुणी गल्लत करत नाही. पण याच 'काढणे'ने शेताबाहेर केवढा संसार मांडला आहे! दारात रांगोळी काढायची, पेरणीसाठी कर्ज काढायचे, उत्सवात मिरवणूक काढायची आणि तिचा फोटोही काढायचा.

'काढणे'चे मूळ प्राकृत 'कड्ढ'. हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात संस्कृत 'कृष्'च्या जागी येणारा धातू म्हणून तो नोंदवला आहे. अर्थ ओढणे. 'कृषी'सुद्धा याच 'कृष्'ची लेक. मराठीत मात्र 'काढणे' म्हणजे मुख्यतः आतले बाहेर आणणे. शेजारच्या हिंदीत फोटो 'खींचते हैं'. तिथे ओढण्याचा अर्थ अजून उघड दिसतो.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. ओल्या काचांच्या त्या काळात फोटो अक्षरशः काढावा लागे. काचेवर कलोडियन नावाचे द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. प्रकाश पडून गेला तरी काच कोरीच दिसे. अंधाऱ्या तंबूत तिच्यावर रसायन ओतले की आतले चित्र बाहेर येई. प्रकाश घ्यायलाही काही सेकंद लागत. त्यामुळे चौकातल्या उत्सवाच्या तशा फोटोंत कमानी आणि इमारती रेखीव, चालती माणसे पुसट.

वऱ्हाडातला मोठा सण पोळा, तो मात्र कुणी 'काढत' नाही. तो भरतो आणि फुटतो. शिंगे रंगवलेले, झुली पांघरलेले बैल तोरणाखाली ओळीने उभे राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी रंगतात, तोवर पोळा भरलेला. तोरण तुटले, बैल घराकडे वळले, की पोळा फुटला. ओल्या काचेवर भरलेला पोळा जमेल तसा उमटेल, फुटलेला पोळा म्हणजे नुसता धुरळा.

म्हणून जुने फोटो जपणाऱ्यांनी खाली 'पोळा' एवढेच लिहून थांबू नये. भरलेला की फुटलेला, तेही लिहावे. नाम सण सांगते. सणाची घटका क्रियापदच सांगते.