कूपन आणि हमी

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी पुण्यात एका घरगुती फराळाच्या उद्योगाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. छोट्या उद्योगांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. पाहायला आलेला माणूस काहीतरी विकत घेऊनच जावा, एवढ्याचसाठी मला पैसे मिळतात. त्या वेबसाइटवर मीच लिहिले होते, ‘फक्त ३ डबे शिल्लक’. शेजारी मिनिटे मोजत उलटे धावणारे घड्याळ होते. घड्याळ शून्यावर आले की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. डबे तर मागणीनुसार रोज भरले जात होते.

तेवढ्यात फोन वाजला. मालकीणबाईंचे हात पिठात होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मिरजेहून एक वयस्कर बाई बोलत होत्या. “अहो ताई, काल तीनच डबे उरले होते ना? मी घाईघाईनं दोन घेतले. आज बघते तर अजून तीनच आहेत. हे कसं काय?” आवाजात राग अजिबात नव्हता, त्यांना खरोखरच उलगडा हवा होता. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. काय सांगावे ते मला सुचले नाही.

त्या प्रश्नाने मला माझ्या धंद्याच्या इतिहासाकडे वळवले. हे घड्याळ आमच्याकडे आले कुठून, हे पाहायचे होते. वाचत गेलो तसे लक्षात आले की गिऱ्हाईक न पाहता, केवळ शब्दांवर माल विकण्याची कला दोन साधनांवर उभी राहिली. एक कूपन आणि दुसरी हमी.

हमी आधी आली. १८७२ मध्ये शिकागोच्या आरन माँटगोमेरी वॉर्डने १६३ वस्तूंची एका कागदावरची यादी छापली आणि खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली. आदल्या वर्षीच्या शिकागोच्या मोठ्या आगीत त्याचा जमवलेला माल जळून गेला होता. मधले दलाल नसल्यामुळे त्याच्या किमती इतक्या कमी होत्या की लोकांना त्यातच काळेबेरे दिसू लागले. ‘शिकागो ट्रिब्यून’ने तर शेतकऱ्यांना त्याच्यापासून सावध राहायला बजावले, आणि नंतर ते शब्द मागे घेतले. वॉर्डने १८७५ मध्ये वचन दिले : माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आज हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की ते वाचलेही जात नाही. पण ज्या शेतकऱ्याने विकणाऱ्याचे तोंड कधी पाहिले नव्हते आणि पाहण्याची शक्यताही नव्हती, त्याच्यासाठी हा एकच आधार होता. शब्द खोटे निघाले तर नुकसान लिहिणाऱ्याचे, असा त्याचा अर्थ होता.

आपल्याकडे याच सुमारास, १८७७ मध्ये, टपाल खात्याने व्ही.पी.पी. सुरू केली. पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे द्यायचे. ‘व्ही.पी.ने मागवा’ हे शब्द पुढे कित्येक दशके मराठी मासिकांच्या जाहिरातींत येत राहिले. घड्याळे, पुस्तके, केसांची तेले आणि सर्व रोगांवरची एकच गोळी हे सारे त्या वाटेने गावोगाव पोहोचले. मात्र पैसे दिल्याशिवाय पार्सल हाती येत नसे. पोस्टमनच्या हाती पैसे ठेवताना गिऱ्हाइकाजवळ विसंबायला जाहिरातीतल्या शब्दांखेरीज काही नसे.

कूपन हे दुसरे साधन. त्याची गोष्ट १९०४ पासून सांगावी लागते. त्या वर्षी शिकागोच्या लॉर्ड अँड थॉमस या जाहिरातसंस्थेत जॉन केनेडी नावाचा गृहस्थ आला. तो पूर्वी कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांत होता. जाहिरात म्हणजे काय, या प्रश्नाचे त्याचे उत्तर होते, छापील स्वरूपातला विक्रेता. संस्थेतल्या अल्बर्ट लास्करला ते पटले. तोवर जाहिरात म्हणजे नाव लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवणे, एवढीच बहुतेकांची समजूत होती. विक्रेता म्हटले की तो कारणे देतो, शंकांना उत्तरे देतो. आणि त्याने किती माल खपवला हेही विचारता येते.

ते विचारण्याचे शास्त्र बनवले क्लॉड हॉपकिन्सने. हाही पुढे लास्करकडेच आला. जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचे कूपन असे. प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण. कोणत्या मथळ्याला किती कूपने आली ते मोजायचे, हरलेला मथळा टाकून द्यायचा आणि जिंकलेल्यावर पैसे लावायचे. १९२३ मध्ये त्याने ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. सात वेळा वाचल्याशिवाय कोणी जाहिरातीला हात लावू नये, असे डेव्हिड ओगिल्वी पुढे त्याच्याविषयी सांगत असे.

हॉपकिन्सच्या दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली मिल्वॉकीच्या श्लिट्झ बिअरची. त्या काळी सगळेच बिअरवाले ‘शुद्ध’ असे मोठ्या अक्षरांत छापत आणि कोणावरही परिणाम होत नसे. हॉपकिन्स कारखाना पाहायला गेला. गाळलेल्या हवेच्या काचेच्या खोल्यांत बिअर थंड होत होती, बाटल्या यंत्राने पुनःपुन्हा धुतल्या जात होत्या, आणि सरोवर शेजारी असूनही चार हजार फूट खोल विहिरींचे पाणी वापरले जात होते. हे लोकांना का सांगत नाही, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले की सगळेच असे करतात. पण सांगितले कोणीच नव्हते. हॉपकिन्सने ते सांगितले, आणि त्याच्या आत्मचरित्रानुसार पाचव्या क्रमांकावरची कंपनी काही महिन्यांत पहिलीच्या बरोबरीला आली. श्लिट्झच एकटी असे करते, असे वाचणाऱ्याला वाटले असेल. तेवढी लबाडी त्यात होती. पण सांगितलेली प्रत्येक गोष्ट जाऊन पाहता येण्यासारखी होती.

दुसरी जाहिरात पेप्सोडेंटची. दातांवरून जीभ फिरवून पाहा, एक थर जाणवेल, असे त्याने लिहिले. थर अर्थातच जाणवे. तो प्रत्येकाच्या दातांवर असतो आणि कशानेही दात घासले तरी पुन्हा जमतो. काल ज्याची कोणाला चिंता नव्हती ती चिंता आज घरोघरी पोहोचली आणि तिच्यासोबत नमुन्याच्या ट्यूबचे कूपनही. पेप्सोडेंटने हॉपकिन्सला श्रीमंत केले. कूपनाच्या हिशेबात या दोन जाहिरातींत काहीच फरक नाही. एकीने वाचणाऱ्याला माहिती दिली आणि दुसरीने भीती, हे मोजायला कूपनावर जागाच नव्हती.

याच काळात आपल्याकडे याहून कठीण विक्री चालू होती. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. इथे पुढचे सगळे पीक नांगरावर अवलंबून होते, त्यामुळे चटकदार मथळ्याने काही साधणार नव्हते. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते मुळात कारखान्याचे प्रचारपत्र. पण दर महिन्याला नुसते नांगराचे कौतुक कोण वाचणार? म्हणून वाचकाला त्याच्या उपयोगाचे काही द्यायचे ठरले. देता देता नावातली ‘खबर’ गळली आणि मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. विकण्यासाठी लिहायला बसलेल्या माणसाने वाचकाचा मान राखला तर ते लेखन किती दूर जाऊ शकते, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

इंटरनेट आले तेव्हा आमच्या धंद्याने हॉपकिन्सचे कूपन आनंदाने उचलले. १९९४ च्या ऑक्टोबरात ‘हॉटवायर्ड’वर पहिल्या पट्टी-जाहिराती झळकल्या, आता टपालाची वाट पाहायची गरज उरली नाही, क्लिक केले की नोंद झाली. २००७ च्या डिसेंबरात ओबामांच्या प्रचाराच्या वेबसाइटवर चित्रे आणि बटणांवरचे शब्द यांच्या २४ जोड्या तीन लाखांवर लोकांना आलटून पालटून दाखवल्या गेल्या. ‘नाव नोंदवा’ऐवजी ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण आणि कुटुंबाचे छायाचित्र ही जोडी जिंकली. नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. शंभर वर्षांपूर्वीची तीच रीत, फक्त महिन्यांचे काम दिवसांवर आले.

पण मोजणी इतकी स्वस्त झाल्यावर जे मोजता येत नाही ते विसरायला होते. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी खरेदीच्या सुमारे ११,००० वेबसाइट तपासल्या. गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांची १,८१८ उदाहरणे त्यांना सापडली. संपल्यावर पुन्हा सुरू होणारी घड्याळेही त्यांत होती. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. यादीतली पहिलीच युक्ती खोटी निकड दाखवण्याची. ती वाचताना मला मिरजेचा फोन आठवला. घड्याळाने त्या दिवशी दोन डब्यांची विक्री नोंदवली होती. दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या मनात काय गेले, याची नोंद कुठल्याही तक्त्यात नव्हती. त्यांनी फोन केला नसता तर ती मला कधी कळलीही नसती.

यंदा मी ते पान पुन्हा लिहिले. त्यासाठी हॉपकिन्ससारखा दिवसभर त्या स्वयंपाकघरात बसलो. आता तिथे लिहिले आहे की भाजणी आठवड्यातून एकदाच दळली जाते, दिवसाला चाळीसच डबे भरता येतात, कारण हात चारच आहेत, आणि कुरियरला लागणारे दिवस धरून शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेतली जाईल. घाई करायला सांगणारी तारीख अजून आहे, पण ती खरी आहे. तळाशी वॉर्डचे वाक्य आहे : चकल्या फुटून आल्या तर फोटो पाठवा, पैसे परत करू. ते लिहू द्यायला मालकीणबाई लगेच तयार झाल्या नाहीत. “सगळ्यांनीच फोटो पाठवले तर?” असे त्यांनी दोनदा विचारले. मी म्हणालो, “तर मग डबा बदलावा लागेल, मजकूर नाही.”

हा लेख छापायला जाताना ऑर्डरी नुकत्या सुरू झाल्या आहेत. घड्याळाइतका हा मजकूर विकेल की नाही, हे मला माहीत नाही. मिरजेच्या पत्त्यावर मात्र मी लक्ष ठेवून आहे.