स्वयंसेवी संपादक आणि नोंदीची अचूकता
मुक्त ज्ञानकोशात विनामोबदला नोंदी लिहिणाऱ्या व सुधारणाऱ्या व्यक्तीस स्वयंसेवी संपादक म्हणतात. अशा कामाची गरज भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. साकोली तालुक्यातील सानगडी भंडाऱ्यातच राहिली; त्याच भागातील नवेगावबांध मात्र गोंदियात गेले. साहजिकच नवेगावबांध भंडारा जिल्ह्यात दाखविणारी जुनी नोंद तिच्या काळी अचूक असली, तरी आज दिशाभूल करते. छापील कोशातील दुरुस्ती पुढील आवृत्तीपर्यंत थांबते. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ती कोणालाही तत्काळ करता येते. परंतु याच मुभेतून नव्या चुकाही शिरतात. म्हणून प्रत्येक दुरुस्तीस पडताळता येईल असा आधार आणि त्या माहितीचे वर्ष जोडणे आवश्यक ठरते.