जुनागढची श्वानवरात

जुनागढचे नवाब महाबतखान तिसरे म्हटले की आठवते ते कुत्र्यांचे लग्न. नवरी रोशनआरा दागिन्यांनी मढलेली, नवरदेव बॉबी, आणि वऱ्हाडात जरीचे कपडे ल्यालेले अडीचशे कुत्रे! ‘फ्रीडम अ‍ॅट मिडनाइट’ (१९७५) या पुस्तकाने ही वरात घरोघर पोचवली.

परंतु सनावळ्या ताडून पाहाव्यात. लग्नाचे साल १९२२ सांगतात आणि निमंत्रण नाकारणारे व्हाइसरॉय म्हणून लॉर्ड आयर्विन यांचे नाव घेतात. आयर्विन हिंदुस्थानात आले १९२६ साली; १९२२ मध्ये व्हाइसरॉय होते लॉर्ड रीडिंग. म्हणजे साल तरी चुकीचे, नाही तर नाव तरी. नवाबांचे श्वानवेड मात्र खरेच. आणि गीरच्या सिंहांना त्यांनी दिलेले अभयही तितकेच खरे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी नवाबांनी पाकिस्तानात सामील होण्याचे ठरवले. ऑक्टोबरात ते आवडत्या कुत्र्यांसह कराचीला निघून गेले. प्रजा मागे राहिली. २० फेब्रुवारी १९४८ च्या सार्वमतात १,९०,८७० लोकांनी मत दिले. त्यांत पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते!

कुत्र्यांचा जरीपोशाख सर्वांच्या लक्षात राहिला, प्रजेचा कौल थोड्यांच्याच. मुलांना ही वरात जरूर सांगावी. पण हा आकडा आधी सांगावा.