लष्करी मोटारवाहनांचे षट्चक्री रूपांतर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दुर्गम प्रदेशात चालणाऱ्या चारचाकी वाहनास तिसरी आस जोडून ते सहाचाकी करणे हा विचार विसाव्या शतकातील लष्करी वाहतुकीच्या इतिहासात वारंवार आढळतो. आपल्याकडे ट्रकव्यवसायात ‘सहाचाकी’ म्हणजे मागील बाजूस जोडटायर असलेला दोन आसांचा ट्रक समजला जातो. येथे मात्र तीन आसांचे वाहन अभिप्रेत आहे. असे रूपांतर कोणत्या परिस्थितीत व्यवहार्य ठरले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दुसऱ्या महायुद्धातील अनुभव :

अमेरिकेत विलीज कंपनीने आपल्या सुप्रसिद्ध जीपला तिसरी आस जोडून पाहिली. परंतु त्या वाहनाचे मोजकेच नमुने तयार झाले व लष्कराने ते स्वीकारले नाही. याउलट डॉज कंपनीचा प्रयोग यशस्वी झाला. पायदळाची बारा जवानांची पूर्ण तुकडी एकाच गाडीत बसावी, ही गरज पाऊण टनी चारचाकी डॉजमधून भागत नव्हती. म्हणून १९४३ मध्ये तिचीच चासी लांबवून दीड टनी सहाचाकी गाडी तयार करण्यात आली. १९४५ पर्यंत अशा सुमारे ४३ हजार गाड्या बाहेर पडल्या. इंजिन तेच ९२ अश्वशक्तीचे होते. म्हणजे भार दुप्पट झाला, पण शक्ती वाढली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ट्रान्सफर केसमध्ये दुसरा, कमी वेगाचा गिअर देण्यात आला. बहुतेक सुटे भाग लहान गाडीचेच असल्याने आघाडीवरील दुरुस्ती सोपी झाली. या गाडीच्या यशाचे खरे कारण हेच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

विमानतळावरील अग्निशमन :

१९७० च्या दशकात ब्रिटनमधील कारमायकेल कंपनीने रेंज रोव्हरला तिसरी आस जोडून विमानतळांसाठी जलद अग्निशमन गाड्या बनविल्या. ही वाढीव आस केवळ पाण्याचा भार पेलत असे. इंजिनची शक्ती तिच्यापर्यंत पोहोचत नसे. धावपट्टीच्या कामास ते पुरेसे होते, परंतु चिखलात मात्र अशी आस मदत करण्याऐवजी ओझेच ठरते.

ऑस्ट्रेलियाचा ‘पेरेंटी’ प्रकल्प :

या विषयातील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. तेथील सर्वांत मोठ्या घोरपडीचे नाव या प्रकल्पास देण्यात आले होते. १९८० च्या दशकातील चाचण्यांत लँड रोव्हरने मर्सिडीज व जीप या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले आणि १९८७ पासून सिडनीजवळील मूरबँक येथे उत्पादन सुरू झाले. चारचाकी गाडी एक टनी व सहाचाकी दोन टनी होती. दोहोंत ३.९ लिटरचे इसुझु डिझेल इंजिन होते. सहाचाकीत त्यास टर्बो जोडला गेला. डॉजच्या बाबतीत न झालेली गोष्ट येथे झाली.

तथापि खरी अडचण शक्तीची नसून दोन मागील आसांच्या परस्परसंबंधाची असते. वळण घेताना या दोन्ही आसा एका वर्तुळावर नीट बसत नाहीत व टायर आडवे घासतात. त्यांचे शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडलेले असतील तर कठीण रस्त्यावर त्यांना पीळ बसतो. वाळूत चाके किंचित घसरतात व तो पीळ आपोआप सुटतो. डांबरी रस्त्यावर तशी सोय नसते. म्हणून पेरेंटीत पुढील दोन आसांना कायम शक्ती दिली गेली. शेवटची आस स्वतंत्र शाफ्टवर ठेवून चालकाने ती गरजेपुरतीच जोडावी, अशी योजना होती. खडबडीत भूमीवर सारा भार एकाच आसेवर येऊ नये यासाठी मागील कमानपाटे दोलकाने जोडण्यात आले. चासी गंज टाळण्यासाठी जस्त चढविलेल्या पोलादाची होती. एवढे बदल पाहता याला रूपांतर म्हणावे की नवी गाडीच म्हणावे, असा प्रश्न पडतो. गॅरेजमध्ये चासी कापून आस जोडणाऱ्या हौशी कारागिराचे काम बहुधा नेमके येथेच अडते.

२००१ नंतर ऑस्ट्रेलियाच्या विशेष हवाई सेवा रेजिमेंटने या सहाचाकीची दूर पल्ल्याची गस्ती आवृत्ती अफगाणिस्तानात वापरली. तीत इंधन, पाणी, दारूगोळा, शिवाय मागे मोटारसायकलही नेता येत असे. परंतु ती उघडी होती. १६ फेब्रुवारी २००२ रोजी अशाच गाडीखाली सुरुंग फुटून सार्जंट अँड्रयू रसेल मृत्युमुखी पडले. तिसऱ्या आसेने पल्ला व भारक्षमता वाढविली होती. जमिनीखालून येणाऱ्या स्फोटापुढे तिचा उपयोग नव्हता. पुढे या रेजिमेंटने ब्रिटिश बनावटीची ‘नॅरी’ गाडी स्वीकारली. ज्या मूळ रचनेवर ती आधारलेली आहे, तीत तिसऱ्या आसेचा संपूर्ण संच चारचाकी गाडीस मागून जोडता येतो व नको असल्यास काढूनही ठेवता येतो.